समुद्राखालची सही

चूक पाल्हाळची होती, आणि त्याच्या बहुतेक चुकांसारखी हीसुद्धा मदत म्हणूनच सुरू झाली.

पाल्हाळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढणाऱ्या एका चार खोल्यांच्या संस्थेत तो मजकूर लिहायला होता. दोन ओळींची जागा दिली की हा अकरा ओळी घेऊन यायचा आणि "यातलं काय कापू ते तुम्हीच सांगा" म्हणत केविलवाणा उभा राहायचा. शेजारच्या टेबलावर चित्रं काढणाऱ्या ताईंनी एकदा वैतागून त्याला हे नाव ठेवलं, आणि आठवडाभरात ते शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. आता घरी बायकोसुद्धा तीच हाक मारते. वर म्हणते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

तर त्या शुक्रवारी दुपारी ताई दाढ दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांच्या 'समुद्राखाली' या मोठ्या चित्रात पाल्हाळच्या कवितेची चौथी ओळ नेमकी ऑक्टोपसच्या पायाखाली आली होती. ओळ जरा वर सरकवावी म्हणून त्याने ताईंच्या संगणकावर ती फाइल उघडली. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. तेवढंच करून उठला असता तर त्याला पाल्हाळ कोण म्हणालं असतं?

संगणकावरचं असं चित्र एका कागदावर नसतं. पारदर्शक काचा एकीवर एक ठेवाव्यात तसे त्याचे थर असतात. एका थरावर नुसता खेकडा, दुसऱ्यावर नुसता खडक, त्यांच्या खाली पाणी. बाजूच्या पट्टीत या थरांची यादी असते आणि प्रत्येक नावाशेजारी एक बारीक डोळा असतो. डोळा दाबला की मिटतो आणि त्या थरावरची वस्तू चित्रातून नाहीशी होते. पुसली जात नाही, फक्त दिसेनाशी होते. पुन्हा दाबला की डोळा उघडतो आणि खेकडा होता तिथे, होता तसा हजर. ताई दिवसभर हे डोळे उघडत-मिटत बसायच्या, म्हणून त्यांचं ऑफिसातलं नाव डोळेताई.

पाल्हाळला हे सगळं ठाऊक होतं. त्याला चकित केलं ते यादीने. खेकडा, खडक, कासव अशी नावं असायच्या जागी तिथे चक्क वाक्यं होती. 'ताई, जरा चहाचं बघता का?' पुढे तारीख. 'मुलं काय नाव वाचतात?' पुढे तारीख. एखाददुसरं नव्हे, चव्वेचाळीस थरांपैकी एकेचाळीस थरांवर वाक्यं.

पाल्हाळला ताईंची दया आली. बिचाऱ्या पन्नाशी ओलांडलेल्या, त्यात दाढ ठणकतेय, कुठला तरी मजकूर चुकून इथे चिकटलेला दिसतोय. तो बाह्या सरसावून बसला. एक डोळा मिटला, चित्रातलं कासव गेलं. म्हणजे हा थर कासवाचा. वाक्य खोडलं, 'कासव' लिहिलं, डोळा उघडला. पुढचा डोळा मिटला, शिंपला गेला. लिहिलं 'शिंपला'. दीड तास तो असा समुद्र उपसत होता. शेवटी फाइल साठवली, संगणक बंद केला आणि ताईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली : 'ताई, तुमचं काम सोपं केलंय.' खाली एक हसरा चेहरासुद्धा काढला. तो जरा बटाट्यासारखा आला होता, पण भावना पोचत होती.

शनिवारी सकाळी ताई आल्या. उजवा गाल टम्म सुजलेला. चिठ्ठी वाचली, संगणक लावला, फाइल उघडली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"पाल्हाळ."

"बघितलंत ना ताई? आता कसं नेटकं वाटतंय की नाही?"

"इथे तू खेकडा लिहिलंयस."

"मग? खेकडाच आहे तो."

"नाही," ताई सुजल्या गालाने म्हणाल्या, "तो बारा ऑगस्ट आहे."

पाल्हाळने वाकून यादी पुन्हा बघितली. खेकडा म्हणजे खेकडा असतो, तो बारा ऑगस्ट असतो म्हणजे काय, हे त्याला कळलं नव्हतं. पण ताई मोठ्याने ओरडल्या नव्हत्या, आणि ताई ओरडल्या नाहीत की समजायचं की प्रकरण गंभीर आहे.

ताईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी कितीही मोठी असो, खालच्या कोपऱ्यात नखाएवढी सही केल्याशिवाय ते शिडीवरून उतरत नसत. म्हणायचे, दुकान उद्या राहील न राहील, पण हात कोणाचा होता ते कळलं पाहिजे. ताई शिडी धरायच्या. नवव्या वर्षी त्यांनी पहिली पाटी एकटीने रंगवली, तेव्हा वडिलांनी स्वतःची सही केली नाही. ब्रश लेकीच्या हातात दिला.

डूख धरणं मात्र ताईंनी कोणाकडून घेतलं नव्हतं, ती त्यांची स्वतःची कमाई. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीवर एक जुना टॅब टांगलाय. त्यावर अख्ख्या कुटुंबाचं ताईंनी काढलेलं चित्र असतं, आणि त्यातला एकेक माणूस एकेका थरावर. जो वाकडं बोलेल त्याचा डोळा बंद. वडिलांच्या पाट्यांना 'रिकामटेकडा उद्योग' म्हणणारे काका साडेतीन वर्षं बंद आहेत. त्यांच्या जागी चित्रात नुसती खुर्ची दिसते. वहिनी आठवड्यातून दोनदा जातात आणि येतात. थोरला दादा आला की चपला काढायच्या आधी भिंतीकडे मान वळवतो, "मी आहे ना गं?" एकदा भांडणानंतर त्याने अर्धवटच माफी मागितली, तेव्हा पंधरा दिवस तो कमरेपर्यंतच होता. दादाचे पाय ताईंनी दूरदृष्टीने वेगळ्या थरावर काढून ठेवलेत. आईचा डोळा तेवढा कधी मिटला नाही. आई गेल्यावरही नाही.

"ताई, पण हा बारा ऑगस्ट..."

"खुर्ची ओढ. बस. सगळं परत लिहायचंय, सोमवारच्या आत. मी सांगते, तू टाइप कर. दाढ दुखतेय, मला वाकवत नाही."

"जुनी प्रत असेल ना कुठे तरी?"

"एकच फाइल ठेवायची, दुसरी प्रत म्हणजे जागा अडते, हा नियम कोणाचा?"

नियम सहीसाहेबांचा होता. सहीसाहेब म्हणजे संस्थेचे मुख्य चित्रकार. ते एके काळी चित्रं काढत असत, हे जुनी माणसं सांगतात. आता ते सही करत. ताईंचं चित्र पूर्ण झालं की आतल्या खोलीतून यायचे, डोकं एका बाजूला कलवून बघायचे आणि संगणकाची लेखणी घेऊन उजव्या कोपऱ्यात सही ठोकून जायचे. सहीला असं लांबलचक शेपूट होतं की त्यासाठी ताईंना दर चित्रात एका माशाची जागा रिकामी सोडावी लागे. अशी सोळा पुस्तकं निघाली. मुखपृष्ठावर 'चित्रे' या शब्दापुढे सोळाही वेळा साहेबांचं नाव. ताईंचं आतसुद्धा नाही. 'समुद्राखाली' हे सतरावं, आठवड्याभरात छापायला जाणार होतं.

सोळा पुस्तकं ताईंनी गिळली होती. जूनमध्ये सतरावं सुरू करताना त्यांनी तोंड उघडलं, "साहेब, या वेळी माझं नाव घालायचं बघा." साहेब हसले. म्हणाले, "मुलं काय नाव वाचतात?" त्या संध्याकाळी ताईंनी समुद्राचं निळं पाणी रंगवलं आणि त्या थराचं नाव ठेवलं : 'मुलं काय नाव वाचतात?' – तीन जून. तिथून त्यांची पद्धत ठरून गेली. साहेब बोलले की ताई त्या दिवशीचा प्राणी रंगवायच्या आणि वाक्य जसंच्या तसं त्याला चिकटवायच्या. बोलणं हलकं असेल तर शिंपला किंवा गोगलगाय, झोंबलं तर शार्क.

"आणि खेकडा?" पाल्हाळने विचारलं.

"बारा ऑगस्टला शाळांचे पाहुणे आले होते. साहेबांनी ओळख करून दिली, 'ह्या आमच्याकडे रंगकाम बघतात.' एका पाहुण्याने मला विचारलं, त्यांच्या जिन्याला कोणता रंग बरा दिसेल."

पाल्हाळला हसू फुटणार होतं, पण ताईंचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि टाइप केलं.

मग ताई डोळे मिटून सांगत गेल्या. कागद नाही, टिपण नाही, एकेचाळीस वाक्यं तारखेसकट तोंडपाठ. स्टारफिश : 'तुम्ही फक्त भरा, बघायचं काम माझं.' कासव : 'एवढा वेळ लागतो का हो एका कासवाला?' शार्क : 'हे मीच काढलंय, यांनी नुसतं गिरवलंय.' पाल्हाळ टाइप करत होता आणि त्याचे कान तापत होते. ही सगळी वाक्यं तोही त्याच खोलीत बसून ऐकत आला होता. तेव्हा ती त्याला नेहमीचं बोलणं वाटली होती.

देवमाशापाशी ताई थांबल्या. देवमाशाने निम्मं चित्र व्यापलं होतं.

"नऊ नोव्हेंबर," त्या म्हणाल्या. "लिही. 'तुमच्या आईचं आजारपण बरोबर माझ्या पुस्तकाच्या वेळेलाच कसं येतं हो?'"

पाल्हाळने टाइप केलं. नोव्हेंबरात ताईंनी दोन दिवसांची रजा मागितली होती, हे त्याला आठवत होतं. तेरा तारखेला आई गेल्याचा फोन त्यानेच घेतला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सोडून द्या ना आता. मनाला त्रास होतो अशाने."

"मला कसला त्रास? मी मजेत आहे. प्रश्नचिन्ह राहिलं बघ."

त्याने प्रश्नचिन्ह दिलं.

सोमवारचा बेत साधा होता. मालकांनी शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षक बोलावले होते. सभागृहात भिंतभर पडद्यावर 'चित्र कसं घडतं' ते दाखवायचं होतं, आणि साहेब म्हणाले होते, "मीच दाखवतो. कुठे दाबायचं तेवढं सांगून ठेवा." ताईंनी गेल्याच आठवड्यात त्यांना बसवून शिकवलं होतं. साहेबांना जवळचं दिसत नाही, पण चष्मा लावला की वय दिसतं म्हणून तो कायम खिशात. बारीक अक्षरांची यादी त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली असणार.

"उजवीकडून ही पट्टी ओढायची, साहेब," ताईंनी सांगितलं होतं. "मग शेजारी डोळे दिसतील. डोळा दाबला की लपतं."

काय लपतं, ते साहेबांनी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही.

"आणि कोणी वाचलंच नाही तर?" पाल्हाळने विचारलं.

"दोनशे शिक्षक आहेत," ताई म्हणाल्या. "समोर लिहिलेलं दिसलं आणि वाचलं नाही, असा शिक्षक मला दाखव."

सोमवारी अकरा वाजता सभागृह भरलं. ताई आणि पाल्हाळ शेवटच्या रांगेत. ताईंच्या गालाची सूज उतरली होती आणि त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर समुद्र उजळला तेव्हा सगळीकडून "वा!" निघालं. साहेब मान तुकवून उभे राहिले.

"मंडळी, चित्राचं मर्म असतं थरांमध्ये," ते म्हणाले आणि ऐटीत उजवीकडून पट्टी ओढली. बारा फुटी पडद्याच्या तिसऱ्या हिश्शात यादी उलगडली, एकेक अक्षर दोन बोटं उंच.

एक तरुण शिक्षक उठले. "सर, तो खेकडा लपवून दाखवा ना."

साहेब वळून पडद्यावर खेकडा शोधू लागले. एवढी मोठी अक्षरं चष्म्याविनाही दिसत होती. खेकडा कुठेच नव्हता. त्यांची नजर एका ओळीवर अडकली, मग दुसऱ्या. मानेचा मागचा भाग लाल झाला.

पहिल्या रांगेत जाड चष्म्याच्या एक मुख्याध्यापिका बसल्या होत्या. तीस वर्षं फळ्यावरचं मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'ह्या आमच्याकडे रंगकाम बघतात.' बारा ऑगस्ट."

साहेबांनी घाईघाईने त्या वाक्याशेजारचा डोळा दाबला. खेकडा नाहीसा झाला. वाक्य होतं तिथेच राहिलं.

"वा, गेला!" तरुण शिक्षक म्हणाले.

"'हे मीच काढलंय, यांनी नुसतं गिरवलंय,'" बाईंनी पुढचं वाचलं.

साहेबांनी तो डोळा दाबला. शार्क गेला, वाक्य राहिलं. पाचावर धारण बसलेला माणूस जे करतो तेच साहेबांनी केलं : चालत नाही म्हणून तेच जोरात करू लागले. त्यांनी वरून सुरुवात केली. सगळ्यात वरच्या थराचं नाव होतं 'पाहुणी सही'. त्यांनी डोळा दाबला आणि कोपऱ्यातली शेपटीवाली सही त्यांच्याच हाताने गेली. मग स्टारफिश गेला, कासव गेलं, ऑक्टोपस गेला, पाल्हाळच्या कवितेची ओळ पाण्यात क्षणभर एकटीच तरंगली आणि तीही गेली. वाक्यं मात्र रांगेत उभी होती, आणि आता दोनशे माणसं बाईंच्या पाठोपाठ वर्गात म्हणावीत तशी ती म्हणत होती. मधूनमधून हशा उसळत होता. ताई हसत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या बरोबरीने म्हणत होत्या.

"'तुमच्या आईचं आजारपण,'" मुख्याध्यापिकांनी सुरू केलं, "'बरोबर माझ्या...'" आणि त्या थांबल्या. उरलेलं सगळ्यांनी मनात वाचलं. साहेबांनी डोळा दाबला आणि देवमासा गेला. एवढ्या मोठ्या पाण्यात काही उरलं नाही.

मग त्यांनी पाण्याचाही डोळा मिटला.

पांढऱ्या पडद्यावर, अगदी तळाच्या थरावर, साध्या शाळकरी अक्षरांत एक नाव होतं. पूर्ण नाव, त्याला कुठेही शेपूट नव्हतं. या थराचा डोळा सात महिने उघडाच होता. वरून समुद्र होता म्हणून ते नाव कोणाला दिसत नव्हतं. यादीत त्या थराचं नाव होतं 'मी'.

साहेबांचा हात त्याही डोळ्याकडे गेला.

"राहू दे ते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. अख्खा वर्ग जागच्या जागी गोठवणारा आवाज होता तो. हात खाली आला. "कोण ह्या?"

मालक शेवटच्या रांगेकडे वळले. त्यांच्या मागोमाग दोनशे माना वळल्या. ताई उभ्या राहिल्या.

"मी," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून खाली बसल्या.

पाल्हाळला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण ताईंनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

मुख्याध्यापिकांनी जाताना मालकांना गाठून सांगितलं, "पुस्तक आमच्या मुलांना हवंय. पण सही ती खालची." मालक शहाणे होते. 'समुद्राखाली' ताईंच्या नावाने निघालं, मुखपृष्ठावर, ठळक. कोपऱ्यात साहेबांच्या शेपटासाठी सोडलेल्या जागेत ताईंनी एक छोटा मासा काढला. साहेब अजून आतल्या खोलीत बसतात. पण बोलायच्या आधी जरा थांबतात, इकडेतिकडे बघतात आणि बरेचदा बोलतच नाहीत. चहा हवा असला की स्वतः उठतात. ताईंनी त्यांना माफबिफ केलेलं नाही. ती फाइल जपून ठेवलीय, आणि आता तिच्या तीन प्रती आहेत.

पाल्हाळला वाटलं, आपण सुटलो.

मार्चमध्ये 'जंगलात' या नव्या पुस्तकाचं काम सुरू झालं. या वेळी त्याने आधी विचारलं, "ताई, माझी एक ओळ माकडावर आलीय, सरकवू का?" ताईंनी हातानेच हो म्हटलं. त्याने फाइल उघडली. यादीतले जवळजवळ सगळे थर बिननावाचे होते. वर फक्त एकाला नाव होतं : 'ताई, तुमचं काम सोपं केलंय.' खाली त्या शुक्रवारची तारीख.

त्याने घाबरत डोळा दाबला. दोन पानं भरून, झाडांना वेटोळे घालत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एक अजगर चित्रातून नाहीसा झाला. त्याने घाईने डोळा पुन्हा उघडला. अजगराचा चेहरा हसरा होता आणि जरा बटाट्यासारखा.

"ताई, एवढा मोठा?" पाल्हाळ काकुळतीला आला. "साहेबांना शार्क आणि मला अजगर? अहो, मी चूक कबूल केली, त्याच दिवशी केली. एकेचाळीस वाक्यं परत टाइप करून दिली, बोटं आखडली माझी, हवं तर बायकोला विचारा. सभागृहात तुमच्या शेजारी बसलो, मनगट दुखेपर्यंत बसलो. शिवाय माझा हेतू वाईट नव्हता, मला खरंच वाटलं होतं की तुम्ही थकलात आणि चुकून काही तरी..."

ताईंनी मान वर न करता ब्रश बदलला.

"बोलत राहा, अजून चाळीस थर बिननावाचे आहेत."